मानेवर बोट ठेवल्यावर थांबणारा नाद



आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक १३ ते १६.

काल कर्मफळाच्या तीन प्रकारांपाशी थांबलो होतो. आज भगवंत अर्जुनाला सांगतात की कुठलंही कर्म घडतं तेव्हा त्याच्या मागे एक नाही, पाच कारणं असतात. अधिष्ठान म्हणजे हे शरीर, मग कर्ता, मग निरनिराळी करणं म्हणजे इंद्रियं, मग निरनिराळ्या चेष्टा, आणि पाचवं दैव. आणि सोळाव्या श्लोकात एक टपली आहे : हे सगळं असताना ज्याला फक्त स्वतःच कर्ता दिसतो, त्याला नीट दिसतच नाही.

अठरावा अध्याय सुरू केला तेव्हाच मला माहीत होतं की इथे पोचल्यावर कानाबद्दल लिहावं लागणार. दोन दिवस चालढकल केली. आज लिहितो.

गेल्या वर्षी श्रावणात एका रात्री मला आवाज ऐकू यायला लागला. व्हूश... व्हूश... व्हूश. आधी वाटलं खालच्या मजल्यावर कोणीतरी वॉशिंग मशीन लावलंय. रात्री दीडला कोण कपडे धुतं? मग वाटलं सोसायटीचा पंप. उठलो, गॅलरीत गेलो, पंखा बंद केला, फ्रिजला कान लावला, बाथरूमच्या पाइपला हात लावून पाहिला. आवाज सगळीकडे तेवढाच. घरभर फिरून परत उशीवर डोकं टेकलं आणि उजवा कान उशीत दाबला गेला, तेव्हा तो दुप्पट मोठा झाला. बाहेर काहीच नव्हतं. आवाज माझ्या आत होता.

ऐतरेय उपनिषदात सृष्टीच्या वर्णनात असं येतं की दिशा श्रवणशक्ती होऊन कानांत शिरल्या. म्हणून आपल्याकडे कानाची देवता दिशा. हे मी कितीदा वाचलं होतं, पण त्या रात्री पहिल्यांदा कळलं की ज्या आवाजाला दिशा नाही तो किती घाबरवतो.

आता खरं सांगायची गोष्ट. मी घाबरलो ते दोन-तीन दिवस. चौथ्या दिवशी रविवार होता, आमचं ज्ञानेश्वरी वाचन असतं सिंहगड रोडला एकांच्या घरी. तिथे एका ज्येष्ठ काकांना मी सहज म्हणालो, "काका, रात्री कानात समुद्रासारखा आवाज येतो." त्यांनी विचारलं, "कुठल्या कानात?" म्हटलं, "उजव्या." काकांनी हात जोडले. मला. पस्तिशीतल्या, रोज माळेचे मणी चुकवणाऱ्या माणसाला.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी : हठयोगप्रदीपिकेच्या चौथ्या उपदेशात नादानुसंधान आहे. तिथे साधकाने उजव्या कानात आतला नाद ऐकावा असं सांगितलंय, आणि सुरुवातीला येणाऱ्या नादांत समुद्र, मेघ, भेरी असे आवाज दिलेत. पुढे शंख, घंटा, आणि शेवटी बासरी, वीणा, भुंगा. म्हणजे माझ्याकडे उजवा कान होता, समुद्र होता. सिम्प्टम्स मॅच होत होते! घरी येऊन मी तो भाग तीनदा वाचला. घंटा कधी येणार याची वाट बघायला लागलो.

साडेचार महिने मी असा जगलो. कोणाला थेट सांगायचो नाही, पण कोणी विचारलं तर असं काही हसायचो की समोरच्याला कळावं. अहंकार म्हटलं की मला मोठी गाडी, मोठा बंगला डोळ्यांसमोर यायचा. तो व्हूश व्हूश आवाजातून येईल असं वाटलं नव्हतं.

मध्ये दोन डॉक्टर झाले, बायकोच्या आग्रहाखातर. एकांनी कानात मळ आहे म्हणून ड्रॉप्स दिले. दुसऱ्या, कानाच्या स्पेशालिस्टनी ऑडिओमेट्री केली. ऐकू येणं अगदी नॉर्मल. म्हणाले, "टिनिटस आहे, सवय होईल, टेन्शन घेऊ नका." या दोघांना दोष द्यावा असं आधी वाटायचं. पण प्रामाणिकपणे बघितलं तर मी त्यांना आवाज येतो एवढंच सांगितलं होतं. तो नाडीच्या ठोक्याबरोबर येतो, जिने चढलो की भरभर येतो, हे सांगितलंच नव्हतं. मला माहीत नव्हतं असं नाही. बायको एकदा माझ्या मनगटावर बोट ठेवून म्हणाली होती, "अरे, हा आवाज कसा येतो तो टेबलावर वाजवून दाखव." मी वाजवत गेलो आणि ती मोजत गेली. एका मिनिटात ७४ आणि ७४. ती म्हणाली, "हे तुझं हार्ट आहे ना मग?" मी म्हणालो, "तुला नाही कळायचं."

ऑफिसमध्ये कोणी असा अर्धवट बग रिपोर्ट पाठवला असता तर मी तो तासाभरात परत पाठवला असता. लॉग कुठेत? कधी होतं, कशाने वाढतं? इथे मीच लॉग लपवून ठेवले होते, कारण लॉग दाखवले तर नाद जाईल ही भीती होती.

तिसऱ्या डॉक्टर वयाने माझ्याएवढ्याच असतील. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "आवाज सलग येतो की ठोक्याठोक्याने?" बायको शेजारी बसली होती, तिने माझ्याकडे पाहिलं. म्हटलं, ठोक्याने. त्यांनी कानामागे स्टेथोस्कोप लावला, थोडा वेळ ऐकलं. मग माझ्या मानेवर उजव्या बाजूला दोन बोटं ठेवून हलकेच दाबलं.

आणि आवाज थांबला.

साडेचार महिन्यांत पहिल्यांदा शांतता. पाच-सहा सेकंद असेल. बाहेर रिसेप्शनवर कोणीतरी नाव पुकारत होतं ते स्पष्ट ऐकू आलं. माझे डोळे भरून आले. बायकोला वाटलं आरामामुळे. आराम होताच, पण त्याच क्षणी मला हेही कळत होतं की अनाहत नाद मानेवर बोट ठेवल्यावर बंद पडत नाही. अनाहत म्हणजे कशावर काही न आपटता उमटणारा. माझा तर दिवसाला लाखभर वेळा आपटून येत होता. ठोके मोजा, ७२ गुणिले १४४०.

डॉक्टरांनी समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो. नेहमीचा टिनिटस, म्हणजे सलग शिट्टी किंवा गुणगुण, यात बहुतेक वेळा बाहेर खरा आवाज नसतो. पण ठोक्याबरोबर येणारा, त्याला पल्सेटाइल टिनिटस म्हणतात, तो बऱ्याचदा शरीरातला खराच आवाज असतो, वाहत्या रक्ताचा. मेंदूकडून परत येणारं अशुद्ध रक्त कानाच्या बरोबर मागून, हाडातल्या एका वळणदार मार्गाने मानेतल्या मोठ्या शिरेत उतरतं. मेंदूकडे जाणारी मोठी धमनीही आतल्या कानाला जवळजवळ खेटून वर जाते. मध्ये फक्त पातळ हाड. म्हणजे मला ऐकू येतं यात नवल नाही, तुम्हा बाकीच्यांना ऐकू येत नाही हे नवल! मानेतली शीर दाबल्यावर आवाज थांबला, म्हणजे तो बहुधा शिरेकडून येतोय.

कारणं बरीच असू शकतात. रक्त कमी असणं किंवा थायरॉइड जास्त असणं, म्हणजे रक्त जोरात पळतं. डोक्यातला दाब वाढणं, तो डोळ्यांच्या पडद्यामागे सुजेत दिसतो. शिरेचा मार्ग कुठेतरी अरुंद होणं. हाड पातळ होणं. आणि एक कारण धोक्याचं : मेंदूच्या आवरणात धमनी आणि शीर परस्पर जोडल्या जाणं, ज्याला फिस्टुला म्हणतात. त्यातून काही वेळा मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. "म्हणून शोधायचं," त्या म्हणाल्या. "सवय करून घ्यायची ती शोधल्यानंतर." (तुमच्यापैकी कोणाला ठोक्याबरोबर आवाज येत असेल तर प्लीज तपासून घ्या, आणि डॉक्टरांना 'ठोक्याबरोबर' हा शब्द सांगा. मान स्वतः दाबत बसू नका.)

रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल आले, डोळे नॉर्मल. एमआरआयची तारीख अकरा दिवसांनंतरची मिळाली. या अकरा दिवसांबद्दल मला लिहायचंय.

मावशीचा फोन आला. आईने सांगितलं असणार. ती प्रेमाने म्हणाली, "बाळा, मागच्या जन्मीचं काही देणं असेल रे. भोगूनच संपतं." मी म्हणालो, "हो ना." आणि फोन ठेवल्यावर तो "हो ना" मला ओळखीचा वाटला. कुठे ऐकलाय, कुठे ऐकलाय... मग आठवलं.

तीन वर्षांपूर्वी माझ्या टीममधल्या एका मित्राच्या वडिलांना पक्षाघात झाला होता. तो दिवस हॉस्पिटलमध्ये आणि रात्र लॅपटॉपवर काढायचा. एकदा चहाला आम्ही खाली उतरलो, तो म्हणाला, कळत नाही रे, बाबांना ना शुगर, ना बीपी, असं कसं झालं? मी तेव्हा नुकताच वाचायला लागलो होतो, ज्ञान ताजं होतं. म्हणालो, "प्रारब्ध रे. भोगल्याशिवाय सुटका नाही." तो म्हणाला, "हो ना." कप ठेवला आणि वर गेला. मला वाटलं, मी त्याला आधार दिला.

आता तेच वाक्य माझ्या कानात पडलं तेव्हा कळलं की ते ऐकणाऱ्याला कसं लागतं. मी विचारत होतो माझ्या डोक्यात काय चाललंय, आणि उत्तर मिळालं, तू काहीतरी केलंस. मावशीला असं म्हणायचं नव्हतं. मलाही तेव्हा नव्हतं म्हणायचं. पण प्रारब्ध हा शब्द दुसऱ्याच्या दुखण्यावर ठेवला की त्याचा अर्थ हाच होतो, आणि वर संवाद संपतो. आपण मोकळे.

मग कर्मसिद्धांत खोटा का? मी तसं म्हणत नाहीये, माझा विश्वास आहे. पण आजचे श्लोक पाहा. दैव यादीत आहे. पाचवं आहे. आधी शरीर, मग कर्ता, इंद्रियं, चेष्टा. शंकराचार्यांचं भाष्य मी त्या अकरा दिवसांत काढून बसलो, आणि चकित झालो. करणांची यादी ते कानापासूनच सुरू करतात. चेष्टा म्हणजे प्राण, अपान वगैरे वायूंच्या हालचाली. आणि दैव म्हणजे? मला वाटलं होतं 'नशिबात लिहिलेलं' असं काही असेल. तर तिथे दैव म्हणजे इंद्रियांवर अनुग्रह करणाऱ्या देवता, जसा डोळ्यासाठी सूर्य. रामानुजाचार्य तिथे अंतर्यामी परमात्म्याला बसवतात. दोघांत मोठा फरक आहे, पण दोघांच्याही वाचनात दैव म्हणजे शिक्षेची नोटीस नाही. एक आतून साथ देतो, एक बाहेरून.

एक कबुली इथेच देतो. हे श्लोक कर्माबद्दल आहेत, आजाराबद्दल नाहीत. कर्म कसं घडतं ते सांगून कर्तेपणाचा अभिमान सोडवणं हा त्यांचा हेतू आहे. मी ते माझ्या कानावर ओढून आणतोय, हे मला माहीत आहे. पण अभिमान तर माझाही होताच ना. आधी नादाचा. आणि तो गेल्यावर, गंमत बघा, अपराधाचा. रात्री जागा राहून मी हिशोब करायचो : हेडफोन लावून पंधरा वर्षं काम केलं, कॉफी, जागरणं, वजन, सगळं माझ्यामुळे. सगळं माझ्यामुळे हे म्हणण्यातही मीच एकटा कर्ता! सोळाव्या श्लोकाची टपली तिथे बसली. सगळं दैवावर टाकणारा आणि सगळं स्वतःवर घेणारा, दोघंही पाचपैकी चार खाणे रिकामे सोडतात.

ऑफिसमध्ये आम्ही रूट कॉज अ‍ॅनालिसिस करतो. टोयोटातून आलेली 'पाच वेळा का विचारा' ही पद्धत. सर्व्हर का पडला? मेमरी भरली. का भरली? असं खाली खाली. ती कामाची आहे, पण तिच्यात एक सरळ रेषा गृहीत धरलेली असते, टोकाला एकच गुन्हेगार. गीतेची यादी तशी नाही. तिथे पाच एकत्र बसलेत, एकाला उचलून बाजूला काढता येत नाही.

त्या दिवसांत दुसरं एक वाचन सापडलं, ते तर मला फार आवडलं. बृहदारण्यकाच्या पाचव्या अध्यायात म्हटलंय की माणसाच्या आत वैश्वानर अग्नी आहे, तो अन्न पचवतो, आणि कान झाकल्यावर जो आवाज ऐकू येतो तो त्याचाच. आणि माणूस जायला निघतो तेव्हा त्याला तो ऐकू येत नाही. म्हणजे ऋषींनीही कान झाकून पाहिले होते! आणि त्यांनी त्या आवाजाचं कारण शोधलं, शरीरात शोधलं. ज्याने कान झाकले त्या प्रत्येकाला तो येतो असं धरूनच ते चाललेत. कोणी कोणाला हात जोडले नाहीत. अग्नी की शीर, हा तपशील वेगळा. पण शोधण्याची वृत्ती अश्रद्धा असते असं मला आता कोणी सांगितलं तर मी त्यांना हे पान उघडून देईन.

एमआरआय झाला. इतका धडधडाट असतो त्या मशीनमध्ये की माझा आवाज ऐकूच येत नव्हता. मी चक्क डुलकी काढली. फिस्टुलाची खूण दिसली नाही. शीर कुठे अरुंद नव्हती. मग कानाच्या हाडाचा सीटी स्कॅन, आणि त्यात सापडलं : कानामागच्या त्या वळणदार शिरेवरचं हाड एका ठिकाणी, काही मिलिमीटर, नाहीच आहे. भिंतीत फट, आणि पलीकडे हवेच्या पोकळ्या, ज्या आवाज छान पोचवतात. डॉक्टरांनी स्क्रीनवर बोट ठेवून दाखवलं. साडेचार महिने ज्याच्यासमोर मी डोळे मिटून बसलो होतो ती ही फट.

हाड तिथे का नाही? मी विचारलंच, सवय. त्या म्हणाल्या, तुमच्या बाबतीत सांगता येणार नाही. ऑपरेशनने ती फट झाकता येते, पण शीर जवळ असल्याने त्यात जोखीम आहे, आणि नाही केलं तरी तुमच्या बाबतीत आज घाई नाही. ठरवा. मी अजून ठरवलेलं नाही. बायको म्हणते कर, आई म्हणते नको. सहा महिन्यांनी परत स्कॅन आहे, तोवर चालू दे असं चाललंय. कारण कळल्याने आवाज कमी झालेला नाही, एक डेसिबलही नाही. पण मी आता रात्री घरभर फिरत नाही.

काकांना सांगितलं. त्यांचा चेहरा थोडा उतरला, मग म्हणाले, "बरं झालं तपासलंस." पुढच्या रविवारी त्यांनीच सगळ्यांसमोर सांगितलं की त्यांचा गुडघा दोन वर्षं दुखतोय आणि ते साधनेचा भाग समजून कोणाला बोलले नव्हते.

आणि मित्राला फोन केला. तो आता बेंगळुरूला असतो. आधी इकडचं तिकडचं झालं, बाबा काठी घेऊन चालतात म्हणाला. मग मी म्हटलं, तेव्हा चहावर मी प्रारब्धाचं काहीतरी बोललो होतो. तो म्हणाला, "आठवतंय. म्हणून तर नंतर तुला बाबांबद्दल काही सांगितलं नाही." रागाने नाही, साधं. मी सॉरी म्हणालो. थोडा वेळ दोघंही गप्प. मग त्याने विचारलं, "पण ऐकू येतं म्हणजे नेमकं कसं रे? आत्ता बोलताना पण येतंय?" मी सांगत गेलो, तो मध्ये मध्ये प्रश्न विचारत गेला. पंधरा-वीस मिनिटं झाली असतील. शेवटी म्हणाला, "स्कॅन झाला की कळव."

काल रात्री जपाला बसलो. ठोक्यावर नाम बसवायचा मोह होतो, आयताच ताल आहे. पण मग लक्ष नामावर न राहता ठोका चुकतोय का यावर जातं, आणि माळ राहते बाजूला. आई झोपायला जाताना डोकावली. "येतोय का रे आवाज?" म्हटलं, "येतोय." ती म्हणाली, "येऊ दे," आणि पंखा एकवर करून गेली.

राम कृष्ण हरी.